एकाच नंबरच्या गिटारी

खोली दाखवण्याआधी जिजींनी मला खोलीचे दोष सांगितले. पंखा तीनवर चालत नाही, पावसाळ्यात पूर्वेच्या भिंतीला ओल येते, संध्याकाळी वारा फिरला की पोल्ट्रीचा वास थेट आत येतो. आधीची भाडेकरीण, एक नर्स, याच खोलीत आजारी पडली आणि तिला तिच्या घरचे येऊन घेऊन गेले. "मरनी नही," जिजी म्हणाल्या, "पन तुले सांगेल बरं." एवढं झाल्यावर त्यांनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं.

मी तेव्हा कृषी सहायक म्हणून नवापूरला नवीनच रुजू झाले होते. साताऱ्याकडची मुलगी, अहिराणी निम्मी कळायची, निम्मी अंदाजाने घ्यायची. घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होतं. पुढे वाद्यांचं दुकान, मागे जिजींच्या दोन खोल्या आणि वर माझी. दुकान त्यांच्या नवऱ्याचं. त्यांना सगळा तालुका मास्तर म्हणायचा. या भागात गावागावात चर्च आहे, प्रत्येक चर्चची गाणारी मंडळी आहे, आणि त्यांना ढोलकीइतकीच गिटारही लागते. मास्तर ती विकायचे आणि फुकट शिकवायचेही. मी येण्याच्या वर्षभर आधी ते दुकानातच छातीत कळ येऊन गेले होते. जिजींना वाजवता काहीच येत नव्हतं. गिटार कशी आहे ते बघायचं झालं तर त्या तिच्या पाठीवर टिचकी मारायच्या आणि टरबूज बघावं तसा कान लावायच्या.

दुकानात माणूस शिरला की जिजींचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "ढोलकीनी डावी पुडी सैल शे." "हाई पेटी दोन सूर खास," म्हणजे दोन सूर गिळते. गिऱ्हाईक बिचकायचं. काहींना वाटायचं बाईला विकायचंच नाही. माझं हेल्मेट मी रस्त्याच्या कडेला घेतलं होतं, त्याच्यावर सरकारी शिक्क्याचा नकली कागद चिकटवलेला होता. जिजींनी तो नखाने काढून माझ्या हातात दिला. "आते हाई नुसतं टोपलं शे," म्हणाल्या. त्यानंतर माझ्या स्कूटीवर मागे बसताना त्यांनी हेल्मेट म्हणून कधी काही डोक्यावर घेतलं नाही. पदर मात्र घट्ट बांधायच्या.

एकदा त्यांच्या माहेरी, रनाळ्याला, भाच्याच्या लग्नाला त्या मला घेऊन गेल्या. मोठं बागायतदार घर, मांडवात दोन-अडीचशे बायका. नवऱ्या मुलीच्या गळ्यातला हार सगळ्याजणी हातात घेऊन बघत होत्या. जिजींकडे आला तेव्हा त्यांनी तो तळहातावर तोलला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "वरथून सोनं शे. मझार तांबं."  लग्न मोडलं वगैरे नाही. पण जेवणाच्या पंगतीत जिजींच्या दोन्ही बाजूंना कोणी बसलं नाही, म्हणून एका बाजूला मी बसले.

हात धुताना त्यांचे थोरले भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "न्हानपने अशी नव्हती ती. उलट भलती गोड बोलाची. मास्तर गया, आनि मंग तिले हाई लागनं."

काय लागलं, ते मला एव्हाना ठाऊक होतं.

मास्तरांचं तेरावं झाल्यावर जिजी दुकान झाडायला बसल्या. भिंतीवर चार गिटारी होत्या, चारींच्या माथ्यावर एका अमेरिकन कंपनीचं सोनेरी नाव. गिटारीच्या पोटातल्या भोकातून आत बघितलं की एक कागद चिकटवलेला दिसतो आणि त्यावर नंबर असतो. जिजींना इंग्रजी वाचता यायचं नाही, आकडे यायचे. त्यांनी चारी गिटारींच्या पोटात बॅटरी मारून बघितली. चारींचा नंबर एकच. "जुळा पोरेसले बी लोके दोन नावे ठेवतस," मला सांगताना त्या म्हणाल्या. मग मास्तरांच्या पत्र्याच्या पेटीत, सुरांच्या वह्यांखाली, त्यांना त्या सोनेरी नावांचं पाकीट सापडलं. शाळेच्या वह्यांवर लावतात तसे स्टिकर. म्हणजे कोणी मास्तरांना फसवलं नव्हतं. मास्तर साध्या गिटारी आणून स्वतःच्या हाताने नाव चिकटवत होते आणि मुंबईच्या कोणा हौशी माणसाची वापरलेली ओरिजिनल म्हणून चौपट भावात देत होते.

जिजींनी ब्लेड घेऊन चारी गिटारींची नावं खरडून काढली. माथ्यावर पांढरट चट्टे राहिले. मग त्या गिटारी कोणी घेईना. "नाव कुठे गेलं?" लोक विचारायचे. "खोटं व्हतं. खरडी टाकं," जिजी सांगायच्या. एक जण म्हणाला, "मावशी, फर्स्ट कॉपी म्हणून लावा, पण नाव लावा. नावाशिवाय स्टेजवर कसं उभं राहायचं?" जिजींनी मला त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला.  मग म्हणाल्या, "पहिली नक्कल. म्हंजे चोरीमाबी पहिला नंबर."

मी त्यांच्याशी वाद घालायचे. मला तेव्हा वाद घालायला आवडायचं. मी म्हणायचे, "जिजी, त्यांना गिटार हवी होती, गिटार मिळाली. वाजते ना? मग त्यांचं नुकसान काय झालं?"

"वाजस ना. मंग नाव कसाले लावं? नाव काढी टाक, आवाज तितलाच ऱ्हाई. मंग वरना पैसा कशाना लिधा त्यानी?"

 पण मास्तर वाईट होते असंही कोणी म्हणू शकत नव्हतं. तालुक्यातली अर्धी मुलं त्यांनी शिकवली होती. आजारी विद्यार्थ्याच्या घरी भाकरी-भाजी पाठवायचे म्हणे, आणि ती भाकरी थापायच्या जिजीच. त्यांचा फोटो दुकानात होता, हार घातलेला. जिजी रोज फोटो पुसायच्या आणि पुसताना त्याच्याकडे बघायच्या नाहीत.

मास्तरांच्या एका वहीत शिष्यांची नावं होती. त्यातल्या कोणी नाव चिकटवलेली गिटार घेतली, ते जिजींनी आठवून आठवून काढलं. अकरा जण. गावं डोंगराकडची, गुजरातच्या सीमेला लागून. जिजींनी ठरवलं, प्रत्येकाकडे जायचं आणि सांगायचं. मागेल त्याला पैसे परत द्यायचे. त्यासाठी त्यांनी हातातल्या पाटल्या मोडल्या. रविवारी चर्च सुटल्यावर सगळे एका जागी भेटतात, म्हणून रविवार. आणि स्कूटी माझी. मला रविवारी काही काम नसायचं. खरं सांगायचं तर मला त्यात मजाही वाटत होती.

पहिल्या गावात सगळे हसले. "जिजी, आमच्याकडे मोबाइल डुप्लिकेट, बूट डुप्लिकेट, फवारणीचं औषधसुद्धा डुप्लिकेट," एक जण म्हणाला आणि त्यांनी आम्हाला चहा पाजला. दुसऱ्या गावातले वडीलधारे गृहस्थ चिडले. "मास्तरांनी आमची पोरं घडवली. ते आता बोलायला नाहीत आणि तुम्ही त्यांच्यावर बोट ठेवता?" जिजी प्लास्टिकच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. म्हणाल्या, "मन्हा नवरा शे तो. माले बोलाना हक शे." तिसऱ्या गावातल्या माणसाने गिटार केव्हाच विकली होती, सोनगढच्या एका बँडवाल्याला, ओरिजिनल सांगून. त्याने हात जोडले. बँडवाल्याला सांगू नका, म्हणाला, माझं नाव जाईल. जिजी म्हणाल्या, पुढच्या रविवारी सोनगढ. आम्ही गेलो. बँडवाल्यानेही ती पुढे विकली होती आणि कोणाला ते त्याला आठवत नव्हतं.  परतताना सीमेचा नाका ओलांडल्यावर जिजी माझ्या खांद्यामागून म्हणाल्या, "ते नाव आजून फिरी ऱ्हायनं."

रतनकाकांचं गाव यादीत शेवटून दुसरं होतं. डांबरी रस्ता संपल्यावर पुढे तीन किलोमीटर दगड-माती आणि साग. घर कुडाचं, वर पत्रे, अंगण शेणाने सारवलेलं. काका आणि काकू दर हिवाळ्यात ऊसतोडीला गुजरातेत जायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा विनेश चर्चमध्ये गिटार वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी तोडीच्या हंगामात उसाची ट्रॉली उलटली, त्याखाली तो गेला. बाविसावं लागलं होतं त्याला. हे आम्हाला तिथे पोहोचल्यावर कळलं.

मास्तरांची बायको आली म्हणताच काकांनी खाटेवर स्वच्छ चादर अंथरली. मग त्यांनी हात धुतले, पुसले, आणि भिंतीवरून चादरीच्या खोळीतली गिटार काढून आमच्या समोर ठेवली. माथ्यावर ते सोनेरी नाव होतं. "दोन हंगामांच्या तोडीतून घेतली," ते म्हणाले. "त्याने फोनमध्ये नाव बघितलेलं. हीच पाहिजे म्हणाला. मी म्हटलं, घेऊ. आपल्या पूर्ण पट्ट्यात अशी एकच आहे."

मी जिजींचा पदर ओढला. त्यांनी माझा हात बाजूला केला, रागाने नाही, नुसता बाजूला केला.

"दादा," त्या म्हणाल्या, "हाई ओरिजिनल नही शे. हाई नाव मन्हा मालकनी चिटकाडेल शे. अशा अकरा इकी टाक्यात त्यानी. मी माफी मांगाले उनू."

काकू चुलीजवळ होत्या, त्या तिथेच थांबल्या. काकांनी गिटारीकडे बघितलं, मग जिजींकडे. त्यांना अहिराणी समजली नसेल असं मला क्षणभर वाटलं, जवळजवळ आशाच वाटली. पण ती समजली होती.

"माझ्या पोराला माहीत होतं का?" त्यांनी विचारलं.

जिजी म्हणाल्या, "ते माले माहीत नही, दादा."

पैशांचा विषय त्यांनी काढला तेव्हा काकांनी नुसती मान हलवली आणि गिटार खोळीत घातली. आम्ही चहा न घेता निघालो. कारण तो कोणी विचारला नाही.

खडी संपून डांबर लागलं तशी मी स्कूटी थांबवली आणि जिजींवर ओरडले. काय गरज होती, म्हटलं. मुलगा गेलाय. ती वस्तू आता कोणी विकणार नाही, कोणी विकत घेणार नाही. कोणाचं काय बिघडत होतं? जिजी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मी गप बसनू असतू ते मी बी तेच इकी ऱ्हायनू असतू. मास्तरनी एकदाव इकं. मी रोज इकतू." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण स्कूटीवर बसताना त्यांना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

शेवटच्या गावाला आम्ही गेलोच नाही.

पुढचं सगळं माझ्यामुळे झालं. जिजींनी तसं कधी म्हटलं नाही, पण झालं माझ्यामुळे. नंतर रतनकाकांच्याच गावात आमच्या खात्याची भाताच्या बियाण्याची बैठक होती. बैठकीनंतर अनिल नावाचा तरुण शेतकरी फॉर्मवर सही करायला थांबला. बोलता बोलता कळलं, तो विनेशचा जिवलग मित्र. मी त्याला विचारलं. मला विचारायचं काही कारण नव्हतं.

अनिल म्हणाला, विनेशला माहीत होतं. गिटार घेतल्यावर सहाच महिन्यांत कळलं होतं. खरी कशी ओळखायची ते त्याने फोनवर बघितलं, नंबर तपासला, आणि थेट नवापूरला मास्तरांकडे गेला. गाडी अनिलची होती, तो बाहेर थांबला होता. आतून विनेशच्या ओरडण्याचा आवाज आला. मास्तर पैसे परत द्यायला तयार होते. विनेशने घेतले नाहीत. पैसे घेतले तर बापाला कारण सांगावं लागलं असतं. हे सगळं त्याने बाहेर आल्यावर अनिलला सांगितलं आणि म्हणाला, "बापाला कळलं नाही पाहिजे." त्यानंतर मरेपर्यंत तो तीच वाजवत राहिला.

मला गप्प बसता आलं असतं. जिजी मागच्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या आणि मी जाऊन सगळं सांगून टाकलं. त्यांचं ओझं उतरेल असं वाटलं, असं मी नंतर स्वतःला सांगत आले आहे. पण मला वाटतं, बातमी पोटात राहिली नाही, एवढंच.

जिजींच्या हातातली मेथी तशीच राहिली. "तो पोऱ्या," त्या म्हणाल्या. त्यांना तो दिवस आठवला. त्या आत चहा करत होत्या. दुकानात कोणीतरी मोठ्याने बोललं. चहा घेऊन बाहेर आल्या तर मुलगा निघून गेला होता. मास्तरांना विचारलं, काय झालं? मास्तर म्हणाले, "तार तुटनी म्हनीसन चिडना." दोन कप चहा केला होता, एक जिजींनीच प्यायला.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस जिजी काही ठरवू शकत नव्हत्या. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. सकाळी म्हणायच्या, सांगाले जासू. दुपारी म्हणायच्या, "पोऱ्यानी झाकं, ते मी कसं उघडू?" मुलाने बापापासून जे जपून ठेवलं होतं, त्याची एक बाजू त्यांनी नकळत फोडलीच होती. आता दुसरी फोडायची की नाही, हे त्यांना कळेना. शेवटी त्यांना ठरवावंच लागलं नाही. बाजाराच्या दिवशी रतनकाका स्वतःच दुकानात आले. खांद्यावर तुरीच्या शेंगांची पिशवी होती. ती खाली ठेवून त्यांनी विचारलं, "काही कळलं का, त्याला माहीत होतं का?"

माझं ऑफिस त्या दिवशी लवकर सुटलं होतं, मी दारातच होते. जिजींनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. सगळं, कमी-जास्त न करता. बापाला कळलं नाही पाहिजे, हेही.

काका बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "दर रविवारी मी दाखवायचो. बाहेरगावचं कोणी आलं की त्याला हाक मारायचो, इकडे ये, नाव दाखव यांना. तो खाली मान घालून दाखवायचा. मला वाटायचं, लाजतो."



"कुठे उभा होता तो?" काकांनी विचारलं.

"कोन?"

"विनेश. त्या दिवशी. कुठे उभा होता?"

मग मला हळूहळू समजलं, त्यांना काय हवं होतं. मुलाच्या आयुष्यातली दहा मिनिटं, जी त्यांना माहीतच नव्हती, ती या दुकानात घडली होती. जिवंत मुलाची दहा मिनिटं. जिजींनी दुकानात फिरून दाखवलं. आवाज इथून आला असेल, म्हणजे काउंटरपाशी. मास्तर इथे बसायचे. जिजी स्वतः तेव्हा आत होत्या. काका त्या जागी जाऊन उभे राहिले. काउंटरच्या लाकडावर हात ठेवला. मग पिशवी उचलून गेले.

पुढच्या बाजाराला ते परत आले. "आणखी काही आठवलं का?"

जिजींनी चहाचं सांगितलं. दोन कप केला होता, तो प्यायला नाही. काका म्हणाले, तो चहा घ्यायचाच नाही फारसा. एवढ्यावर ते दोघं अर्धा तास बोलले. त्यापुढच्या बाजाराला जिजींनी सांगितलं, आवाज मोठा होता पण रडका नव्हता. त्यापुढच्या बाजाराला सांगण्यासारखं काही उरलं नाही.

तरी ते येत राहिले. भात निघाला, हिवाळा लागला, ऊसतोडीला गावं रिकामी झाली. त्या वर्षी काका तोडीला गेले नाहीत, आणि बाजाराचा एक दिवस चुकला नाही. यायचे, स्टुलावर बसायचे, विचारायचे. "नही, भो," जिजी म्हणायच्या. थोडा वेळ बसून ते उठायचे. ते कधी रागावले नाहीत. रागावले असते तर जिजींना सोपं गेलं असतं.

जिजी त्या दिवसांत झिजल्या. जेवताना मध्येच हात थांबवून म्हणायच्या, "मी पातेलं चूलवर ठेवं, साकर टाकी, मंग आवाज उना... मंग काय?" एकदा त्यांनी मला काउंटरपाशी उभं करून ओरडायला लावलं आणि स्वतः आत जाऊन उभ्या राहिल्या. मी "मास्तर!" म्हणून ओरडले. गल्लीतले लोक डोकावले. जिजी बाहेर येऊन म्हणाल्या, "नही. काहीच ध्यानमा उनं नही."

मग एका बाजाराला, थंडी सरत आली होती, काका आले आणि त्यांनी नेहमीचं विचारलं. मी वरून जिना उतरत होते, पायरीवरच थांबले. जिजी नेहमीसारख्या लगेच नाही म्हणाल्या नाहीत. फोटोच्या भिंतीकडे बघत होत्या.

"निळा सदरा व्हता आंगवर," त्या म्हणाल्या. "मी दारमाथीन दखा. जाताना. निळा."

काकांनी मान वर केली. इतक्या महिन्यांत मी त्यांचा चेहरा तसा बघितला नव्हता. जणू कोणीतरी त्यांच्या हातात काहीतरी ठेवलं. ते मनाशी काही आठवत होते, ओठ हलत होते. मग हळूहळू ते ओठ थांबले.

"निळा नव्हता त्याच्याकडे, जिजी," ते म्हणाले. "त्याचे कपडे मीच आणायचो. निळा कधीच नव्हता." थोडं थांबून, अगदी मऊ आवाजात म्हणाले, "राहू द्या."

पिशवी घेऊन ते गेले, आणि पुन्हा आले नाहीत.

संध्याकाळी जिजी माझ्याकडे वर आल्या. त्या जिना चढून कधी यायच्या नाहीत, गुडघे धरायचे. खाटेच्या कडेला बसून म्हणाल्या, "ते मी रचं. तो सदरा मी दखाच नही." मी म्हटलं, मला ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, "त्यानी बी वळखं. लगेच वळखं." आणि पदराने तोंड दाबून बसल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. 

दुकान मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा उघडायला लागलं. कोणी विचारलं, ओरिजिनल आहे का, तर जिजी म्हणायच्या, माले माहीत नही. कशातच दोष सांगेनाशा झाल्या. माझी भाजी जळली होती तेव्हाही ती चांगली आहे म्हणून खाल्ली. उन्हाळ्यात भाऊ येऊन त्यांना रनाळ्याला घेऊन गेले. त्याच सुमारास माझी बदली धडगावला झाली. घाटातली गावं, नवीन भाषा, जीपने फिरणं. फोन करायचे ते कमी होत गेलं. फोनवर जिजी सगळं बरं शे म्हणायच्या, आणि मला ते ऐकवत नसे.

वर्षभराने त्यांच्या भावाचा फोन आला. झोपेतच गेल्या होत्या. मी पहाटेची जीप धरून, नंदुरबारला उतरून, रनाळ्याला पोहोचले तेव्हा दारावर येणाऱ्यांची गर्दी ओसरत आली होती. ओसरीत पुरुष बसले होते. त्यांच्या शेवटी, भिंतीला टेकून, एकटे रतनकाका बसले होते. त्यांना त्या घरात कोणी ओळखत नव्हतं. अनिलने फोनवर सांगितलं म्हणून दोन एसट्या बदलून आले होते.

मी बाहेर आल्यावर ते उठून माझ्यामागे निंबाखाली आले.

"मॅडम," ते म्हणाले, "अनिलकडे निळा सदरा होता. मी त्याला विचारलं नंतर. पोरं एकमेकांचे घालायची. त्या दिवशी घातला का ते अनिलला आठवत नाही. पण घातला असेल ना?"



"मी जिजींना सांगायला येणार होतो," ते म्हणाले. "येतो येतो म्हणत राहून गेलं. त्यांनी खरं सांगितलं आणि मी उठून गेलो. चूक माझी झाली."

आतून बायकांच्या रडण्याचा आवाज आला, नवीन कोणीतरी आलं असावं. काका उत्तराची वाट बघत होते.

"असेल, काका," मी म्हणाले. "घातला असेल."

त्यांनी मान हलवली. मग खिशातून छोटा फोन काढला आणि माझा नंबर मागितला. मी आकडे सांगितले, त्यांनी एकेक करून दाबले आणि बरोबर लागतो का ते माझ्या समोरच बघून घेतलं.

आता त्यांचा फोन येतो, बाजाराच्या दिवशी. जिजी माझ्याशी आणखी काही बोलल्या होत्या का, विनेशबद्दल, त्या दिवसाबद्दल, एवढंच विचारायचं असतं. धडगावला रेंज कमी असते, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे. रेंज बहुतेक वेळा असते. मी दरवेळी फोन उचलतेच असं नाही.